शेंडीला बांधलेली रुई

आमच्या शाळेतली मुले मला कधी कधी विचारतात, "मास्तर, तुम्ही खरंच पूर्णा नदीच्या शर्यतीत पहिले येत होते का?" माझे आताचे पोट पाहून त्यांना ते खोटे वाटते, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. मी हो म्हणतो. मग ती विचारतात, पोहायला कोणी शिकवले, कितीदा जिंकलात. यांची उत्तरे सोपी आहेत. पण मी बी. ए. झालो तो त्या पोहण्यामुळे, आणि त्यातही माझ्या मागून पोहणाऱ्या एका माणसामुळे, हे उभ्या उभ्या सांगता येत नाही. म्हणून बसून लिहीत आहे.

आमचे गाव पूर्णेच्या दक्षिण काठावर, अकोल्याच्या बाजूला. पलीकडचा काठ अमरावतीच्या बाजूचा. तेव्हा सगळे उमरावतीच म्हणत. नदीच्या दोन्ही अंगांना विहिरींचे पाणी खारे. पिण्याचे पाणी नदीवरून आणायचे, आणि विहीर पोरांना पोहायला मोकळी. दुसऱ्या मुलखात विहिरीत उडी मारली तर बाया शिव्या देतात. आमच्याकडे कोणी काही म्हणत नसे, कारण त्या पाण्यात डाळसुद्धा शिजत नव्हती. बाने माझ्या पाठीला वाळलेला भोपळा बांधला आणि मला विहिरीत ढकलून दिले. मी पुष्कळ ओरडलो. बा काठावर बसून चिलीम ओढत होता. "वरडणं झालं का हात मार," एवढेच म्हणाला. खारे पाणी माणसाला उचलून धरते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. मला वाटे मीच फार चांगला पोहतो. पुढे भोपळा गेला, नुसता दोर राहिला, आणि एके दिवशी बाने दोरही सोडला होता हे मला बाहेर आल्यावर कळले.

आमच्या त्या काठांवर एक चाल होती. नव्या कापसाची पहिली वेचणी झाली की त्रिपुरी पौर्णिमेला त्याची वात पलीकडच्या महादेवाला जायची. नावेतून नाही, पोहून. ती वात पेटेपर्यंत दोन्ही काठांवरची कापसाची एकही गाडी बाजाराला निघत नसे. पूर्वी एकच माणूस जात असे म्हणतात. मग या काठाची आणि त्या काठाची चुरस लागली आणि त्याची शर्यत झाली. गावाखाली मोठा डोह आहे, पावसाळा सरला तरी तिथले पाणी हटत नाही. पलीकडचे पोरगेही दुपारी नावेने आमच्याकडे येत आणि सगळे आमच्याच घाटावरून सुटत.

नियम असा. नव्या रुईचा, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचा, एक गोळा पळसाच्या पानात गुंडाळून शेंडीला बांधायचा, डोह ओलांडायचा, आणि ती पुडी महादेवाच्या पायरीवर बसलेल्या गुरवाच्या हातात द्यायची. गुरव त्या रुईची वात वळणार, तेलात भिजवून पेटवणार. जो आधी पोचला आणि ज्याची वात पेटली, तो जिंकला. वात तडतडून विझली तर रुईला पाणी लागले, मग तो कितीही आधी येवो, बाद.

त्यामुळे आमचे पोहणे इतरांसारखे नव्हते. हात पाण्याबाहेर काढायचा नाही. पाय बेडकासारखे मारायचे, पण पाण्याच्या खाली. मान डोक्यावर घागर घेतलेल्या बाईसारखी ताठ. पुढे असलेल्याच्या लाटा मागच्याच्या नाकातोंडात जात, म्हणून आरंभीच पुढे निघणे बरे. पण घाईने निघाला की शिंतोडे स्वतःच्याच डोक्यावर. बा म्हणे, "पाण्याले कळलं नाय पायजे का तू आला."

पहिल्या वर्षी मी सगळ्यांच्या पुढे होतो. पायरी जवळ आली तेव्हा मागचे किती लांब आहेत हे पाहावे असे मला वाटले, आणि मी मान वळवली. मान वळवली की खांदा बुडतो, आणि खांदा बुडला की पाणी शेंडीपर्यंत येते. माझी वात तडतडली. त्या दिवसापासून पुढच्या पौर्णिमेपर्यंत मला गावात दुसरे नाव नव्हते. पाणवठ्यावर बाया म्हणत, "ये ओल्या वाती, घागर उचलू लाग जरा."

त्या वर्षी ज्याची वात पेटली तो पलीकडच्या काठाचा भोई होता. माझ्याहून चार-सहा वर्षांनी मोठा, काळाभोर, दोन्ही काठांमधली नाव चालवणारा. मी शाळेत जातो हे त्याला माहीत होते म्हणून तो मला पंडत म्हणे. नावेत बसलो की त्याच्या गप्पा सुरू.

"काय पंडत, पुस्तकात काय लिवलं हाये, मान कोनीकडे ठेवाची?"

"तुझ्याकडे पाहायची नाही, एवढं लिहिलं आहे."

"मंग काहून पायलं लेका?"

पण हसून झाल्यावर त्यानेच मला सांगितले होते की तुझा डावा पाय उशिरा येतो, म्हणून तू उजवीकडे वाहत जातोस. मी विहिरीत जाऊन पाहिले. ते खरे होते. दुसऱ्या वर्षी मी त्याला हरवले, तिसऱ्या वर्षी पुन्हा हरवले. गावाने फेटा बांधला, नारळ दिला, आणि ओली वात हे नाव बंद झाले. फेटा बांधताना भोई गर्दीतून ओरडला, "पाय म्या दुरुस्त केला, अर्धा फेटा माया!"

ती वर्षे कापसाची होती. अमेरिकेत कुठे तरी लढाई लागली आहे आणि तिकडचा कापूस विलायतेला जात नाही, एवढेच आम्हाला कळले होते. पण त्या लढाईमुळे आमच्या गावातल्या बैलांच्या शिंगांना पितळी शेंब्या आल्या. ज्यांच्या घरी ज्वारी सोडून काही पिकत नव्हते त्यांनीही कापसाची पऱ्हाटी लावली. आगगाडी अकोल्यापर्यंत येणार, मग बडनेऱ्याला जाणार, अशी बोलणी चालत. ज्यांनी कधी गावची शीव ओलांडली नव्हती ते मुंबईच्या भावाविषयी बोलू लागले. आणि व्यापारी आमच्या बाजेवर येऊन बसू लागले. पूर्वी आम्ही त्यांच्या ओट्यावर बसत असू.

गावातल्या शाळेत होते तेवढे माझे शिकून झाले होते. पंतोजी भले होते. त्यांनी बाला बोलावून सांगितले की अमरावतीला सरकारने इंग्रजी शाळा काढली आहे, पोराला तिकडे घाला. बा तिथल्या तिथे उठून उभा राहिला.

"घालतो तं. पन राहीन कोठी? खाईन काय?"

ब्राह्मणांच्या मुलांना वार लावून जेवता येते. सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी. कुणब्याच्या पोराला वार कोण देणार? अमरावतीत आमचे कोणी नव्हते. रोज संध्याकाळी बा आणि मी याच गोष्टीवर येऊन थांबत असू. नाही म्हणायची त्याची इच्छा नव्हती आणि हो म्हणायला जागा नव्हती. वय वाढत होते, आणि आणखी एक-दोन वर्षांनी मीच वखरामागे गेलो असतो. त्यात काही वाईट नव्हते. पण मला ती शाळा फार हवी होती, इतकी की पंतोजींनी तिच्याविषयी जे सांगितले होते ते मी पाठ करून ठेवले होते.

अशात अकोल्याचा एक व्यापारी आमच्याकडे येऊ लागला. दोन्ही काठांचा कापूस तोच घेत होता आणि अमरावतीलाही त्याचे दुकान होते. लोक त्याला शेठ म्हणत. माणूस हौशी. आमची शर्यत त्याने आदल्या वर्षी पाहिली होती आणि ती त्याच्या मनात भरली होती. दुसऱ्या एका व्यापाऱ्याने भोयाच्या काठाची बाजू घेतली होती म्हणे, तेव्हा याने आमची घेतली. बाला म्हणाला, "पाटील," (आम्ही पाटील नव्हतो, पण त्या वर्षांत सगळेच पाटील झाले होते) "पोरगा औंदा जिंकला का माझ्या उमरावतीच्या घरी राहीन. घरच्यासारखा जेवन. इंग्रजी शिकन. मले सायबाची चिठ्ठी वाचणारा आपला माणूस पायजेच हाये."

बाने माझ्याकडे पाहिले. मी खाली पाहिले, कारण मला हसू आवरत नव्हते.

"पन एक," शेठ म्हणाला. "वात माझ्या रुईची. साऱ्या लोकाइले दिसलं पायजे का महादेवाले यंदा कोणाची रुई लागली."

मायला हे आवडले नाही. दर वर्षी आमच्या वावरातल्या पहिल्या वेचणीतली चार बोंडे ती बाजूला ठेवी, सरकी हाताने काढी, आणि तो गोळा घराच्या भिंतीतल्या देवळीत झाकून ठेवी. त्या वर्षीचा गोळाही तयार होता. "आपल्या वावरातली रुई काय आंबली हाये?" असे ती म्हणाली. बा म्हणाला, "एवढ्यानं पोरगं शिकत असन तं असू दे व." तिने पुढे वाद घातला नाही, पण गोळाही देवळीतून काढला नाही.

पौर्णिमेच्या दिवशी दुपार कलली तेव्हा घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. शेठ छत्री घेऊन आला होता. वर्षभर दिव्याला पुरेल म्हणून त्याने देवळाला रुईचा एक अख्खा बोरा दिला होता, आणि आम्हाला सोडण्याआधी तो बोरा नावेत चढवला. बोऱ्याचे तोंड उघडून त्याने स्वतःच्या हाताने मूठभर रुई काढली, स्वतः पानात बांधली आणि माझ्या शेंडीला गाठ मारली. डोक्याला गार लागले. कार्तिकातली हवा, अंग उघडे. मला त्यात काही विशेष वाटले नाही. भोयाची पुडी त्याच्या आईने घरून बांधून दिली होती. नाव त्या दिवशी त्याचा चुलतभाऊ चालवत होता.

भोई माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. "पंडत, शेठची रुई हाये म्हनते. जड तं नाय?"

"तुला मागं टाकण्याइतकी हलकी आहे," मी म्हणालो.

आम्ही सुटलो. मी त्या दिवशी जसा पोहलो तसा त्यापूर्वी कधी पोहलो नव्हतो आणि पुढेही क्वचितच. हे मी बढाई म्हणून लिहीत नाही. शरीराने एखाद्या दिवशी आपल्याला न विचारता सगळे बरोबर करावे, तसे झाले. डावा पाय वेळेवर येत होता. पाणी फाटल्यासारखे वाटत नव्हते. मागे फक्त एकाच माणसाचा श्वास ऐकू येत होता आणि तो भोई आहे हे मला न पाहता कळत होते. मी मान वळवली नाही. पायरीला हात लागला, वर चढलो, गुरवापुढे बसलो, शेंडीची गाठ त्यानेच सोडली.

गुरवाने वात वळली, तेलात बुडवली, समईवर धरली. ती तडतडली. एक निळी ठिणगी उडाली आणि वात काळी पडली. त्याने पुन्हा धरली. पुन्हा तेच.

"ओली हाये," गुरव म्हणाला. त्यालाही वाईट वाटले असावे, कारण तो हळू बोलला. पण मागे कोणी तरी ऐकले.

"ओली वात! ओली वात आली परत!"

"याले इहिरीतच ठेवा रे, भोपया बांधून!"

शेठ आणि बा नावेतून उतरून पायऱ्या चढत होते. "तोंडावर सांगतलं व्हतं, मान हलवू नोको म्हणून," तो बाला म्हणाला, जणू बानेच मान हलवली होती. बा माझ्याकडे पाहत नव्हता. मला ती शाळा डोळ्यांसमोर दिसत होती, आणि आता ती दिसायला नको होती.

तोवर भोई वर आला. त्याच्या रुईची वात पहिल्याच धगीला पेटली. त्याच्या काठाच्या लोकांनी आरडाओरडा केला, कोणी ढोल वाजवला, कोणी फेटा पुढे केला. त्याने फेट्याला हात लावला नाही. तोंडातले पाणी थुंकून तो म्हणाला, "गुरवबुवा, थांबा जरा. पंडत, ते पान कोठी हाये?"

पान पायरीवर पडले होते. त्याने उचलले, उलटसुलट केले, मग माझी शेंडी धरली, बैलाची वेसण धरावी तशी, आणि सगळ्यांना दाखवली.

"हे पाहा. शेंडी कोरडी. पान भायेरून कोरडं. मी सारा डोह याच्या मांगं व्हतो. याच्या मानेले पानी लागलंच नाय, सारं माया तोंडात शिरलं."

लोक हसले. त्याच्याच काठाचा एक म्हातारा चिडून म्हणाला, "अबे, तू जिंकला ना? मंग तुले काय करा लागते?"

"जिंकलो कोठी? मांगं व्हतो म्हनून तं सांगून राहिलो."

"मंग रुई काहून ओली?"

"तेच इचारतो मी. नदी का पानाच्या आतून आली?"

मग त्याची नजर बोऱ्याकडे गेली. नावेतून उतरवून तो देवळाच्या ओट्यावर ठेवलेला होता. त्या क्षणी पुढे काय होणार हे मला कळले, आणि खरे सांगायचे तर त्याने तिथेच थांबावे असे मला वाटले. वात ओली ठरली तर मी हरत होतो. पण बोरा ओला ठरला तर शेठ हरत होता, आणि माझे राहणे-जेवणे त्याच्याच घरी होते. भोयाला यातले काहीच ठाऊक नव्हते. त्याने कोपरापर्यंत हात बोऱ्यात घातला, आतली मूठभर रुई काढली आणि गुरवापुढे धरली. गुरवाने तिची वात केली. ती माझ्या वातीसारखीच तडतडली.

"हा बोरा तं नावेत बसून आला," भोई म्हणाला. "याले कोनं पोहाले लावलं?"

मग जे हसणे सुटले ते दोन्ही काठांचे मिळून होते. कोणाला समजावून सांगायची गरज नव्हती. वजन वाढावे म्हणून रुईवर पाणी मारणे त्या वर्षांत घरोघर चालले होते. हसणाऱ्यांतल्या कितीतरी जणांनी आदल्याच आठवड्यात अंधार पडल्यावर आपापल्या ढिगावर घागर ओतली असेल. शेठच्या अकोल्याच्या गोदामातल्या माणसांनीही रोजच्या सवयीने ते केले होते, आणि देवाला द्यायचा बोरा त्याच ढिगातून भरला होता. शेठने मुद्दाम केले असे मला तेव्हाही वाटले नाही. त्याने स्वतःच्या हाताने हौसेने ती पुडी बांधली होती.

गुरवाने मीच जिंकलो असे सांगितले. मायचा गोळा घरच्या देवळीत होता, पण तो नदीपलीकडे राहिला. म्हणून त्या वर्षी महादेवापुढे भोयाच्या घरच्या रुईची वात जळली. फेटा माझ्या डोक्यावर आला. शेठने छत्री मिटली, बाच्या पुढ्यात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "तुमचा पोरगा तुमच्याच घरी ठेवा." आणि नावेत जाऊन बसला.

मी देवळाच्या मागच्या पायरीवर बसलो. डोक्यावर नवा फेटा होता आणि डोळ्यांतून पाणी गळत होते. भोई ओले धोतर पिळत तिकडून आला.

"काहून बे? जिंकून रडून राहिला?"

मी त्याला सगळे सांगितले. अमरावतीची शाळा, शेठचे घर, बा आणि मी रोज जिथे येऊन थांबत होतो ती गोष्ट. तो ऐकत राहिला. धोतर पिळून झाले होते तरी पिळत राहिला.

"म्हंजे म्या तुयी भाकर घालवली," तो म्हणाला.

"तू खरं बोललास."

"ते झालं. भाकरीचं काय?" धोतर खांद्यावर टाकून तो म्हणाला, "उमरावतीत माई मावशी हाये. फुटाण्याची भट्टी हाये तिची. मांगं एक खोली हाये, त्यात लाकडं ठेवते. लाकडं भायेर ठेवू. चाल, तुया बाले इचारू."

बाने ते ऐकून लगेच हो म्हटले नाही. भोयाच्या घरी कुणब्याचे पोर राहणार, लोक काय म्हणतील, जेवणाचे काय, असे त्याच्या चेहऱ्यावर सगळे दिसत होते. भोयालाही दिसत असावे. तो म्हणाला, "काका, मी काय तुमच्यावर उपकार करून नाय राहिलो. हा उमरावतीले गेला का पुढच्या साली डोह मोकया. माई कटकट मिटते."

बा हसला, आणि त्या हसण्यातच अर्धे काम झाले. उरलेले अर्धे मायने घरी केले. लग्नाकार्यात गावाला पाणी भरत ते भोईच. "त्याइच्या हातचं पानी सारं गाव पेते," ती म्हणाली, "मंग भाकरीनं काय होते?" आणि देवळीतला गोळा काढून तिने आमच्याच घरातल्या दिव्याला वात केली.

दिवाळीची सुटी संपायला आली होती. मला अमरावतीला पोचवायला भोई स्वतः आला. मावशी उंच, हाडांची, कपाळावर राखेचा पट्टा लागलेली बाई. कढईतली वाळू हलवत होती. तिने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिले.

"हाच का तो, माया पोराले हरवणारा?"

"हाच व मावशी."

"बस रे. बसला तं वाळू हलव."

माझे इंग्रजी शिक्षण असे सुरू झाले. सकाळी मावशीच्या भट्टीवर वाळू हलवायची, मग शाळा. शाळेत माझ्या कपड्यांना भाजल्या हरभऱ्याचा वास येई आणि पहिल्या महिन्यात मुलांनी माझे नाव फुटाणे ठेवले. मावशीला ते कळले तेव्हा तिने माझ्या दोन्ही खिशांत गरम फुटाणे भरले. "वास येते म्हनते? खाऊ घाल त्याइले." त्यानंतर मधल्या सुटीत माझ्याभोवती गर्दी असे, आणि त्याच गर्दीतल्या एकाने मला बीजगणित शिकवले. मावशीने माझ्याकडून कधी काही घेतले नाही. मी आजारी पडलो तर वाळू हलवू देत नसे, एवढाच तिचा लाड.

मग अमेरिकेतली लढाई संपली आणि कापसाचा भाव पडला. अमरावतीच्या बाजारात ज्या गल्लीतून गाड्यांमुळे वाट मिळत नसे तिथे कुत्री निवांत झोपू लागली. शेठचे अमरावतीचे दुकान बंद झाले, घर दुसऱ्याकडे गेले. मी त्या घरी राहत असतो तर शाळा तिथेच सुटली असती. मावशीच्या भट्टीला त्या भावाशी घेणे-देणे नव्हते. माणसे भाव चढला तरी फुटाणे खात आणि पडला तरी खात. शेठविषयी माझ्या मनात राग नाही. बाने मला शाळेत पाठवायचे ठरवले ते त्याच्या शब्दामुळे; बाकीचे त्याच्या हातून झाले नाही, एवढेच.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या सुटीत मी घरी आलो आणि पौर्णिमेला घाटावर जाऊन उभा राहिलो. भोई मला पाहून कपाळाला हात लावून बसला. "आला का परत? अबे, तुले शिकाले पाठवलं व्हतं ना?" मग दर वर्षी हेच होऊ लागले. कधी तो जिंकला, कधी मी. शेवटची तीन-चार वर्षे बहुधा मीच, कारण रोज वाळू हलवून माझे खांदे चांगले झाले होते, आणि त्याचा दोष तो मावशीला देई. दोन्ही काठांवर आमच्यावाचून तिसऱ्याचे नाव कोणी घेत नसे. मुंबईला कॉलेजात गेलो तेव्हा शिष्यवृत्ती मिळाली. तिथे समुद्र पाहिला. विहिरीसारखेच खारे पाणी, म्हणून मला परके वाटले नाही. मुलांनी पैजा लावल्या, मी खाड्या ओलांडल्या. ताठ मानेने पोहतो म्हणून ती हसत, आणि पुढे मीच असल्यामुळे हसणे मला मागून ऐकू येई.

पदवीचा निकाल लागला तेव्हा मी आधी मावशीकडे गेलो, मग घरी, आणि दुसऱ्या दिवशी नदीवर. भोयाने नाव काठाला लावली.

"झाला पास?"

"झालो."

"कितवा आला?"

"दुसऱ्या वर्गात."

"म्हंजे हरला," तो म्हणाला, आणि मग त्याला इतका आनंद झाला की त्याने वल्हे टाकून मला मिठी मारली आणि माझा कॉलेजचा कोट मासळीच्या वासाने भरून गेला. तो मला पलीकडे घरी घेऊन गेला. त्याच्या बायकोने भाकरी थापल्या, डोहातल्या माशांचे लाल कालवण केले. आम्ही दोघे जेवायला बसलो. मुंबईहून येताना गाडीत मी एक वाक्य मनात जुळवून ठेवले होते. इतकी वर्षे ते सांगायचे राहिले होते आणि आज सांगायचेच असे ठरवले होते.

मी म्हणालो, "त्या दिवशी देवळापुढे तू गप्प बसला असतास, तर मी आज..."

"पंडत," तो माझ्या ताटाकडे पाहत म्हणाला, "काटे पाहून खाय. बोलता बोलता अडकते."

आणि कालवणातला मोठा तुकडा काढून त्याने माझ्या ताटात वाढला.